मेंदूपर्यंत गेलेला कॅन्सर पकडणारी जोडचित्रं: १६ भन्नाट गोष्टी

मोठ्या माणसाच्या डोक्यात गाठ दिसली, की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो 'ब्रेन ट्यूमर'. पण मेंदूत सापडणाऱ्या गाठींमध्ये मेंदूतच उपजलेल्या कमी आणि बाहेरून आलेल्या जास्त असतात. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, मोठं आतडं, त्वचेचा मेलॅनोमा अशा दुसऱ्याच ठिकाणच्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून वर चढतात आणि मेंदूत ठाण मांडतात. दवाखान्यात यांनाच 'सेकंडरीज' किंवा 'ब्रेन मेट्स' म्हणतात.

त्यांच्याबद्दल चार प्रश्न असतात. किती आहेत? नेमक्या कुठे? केवढ्या? आणि उपचारानंतर जिवंत आहेत की मेल्या? या चारही प्रश्नांना पुरून उरेल असं एकही यंत्र आजवर बनलेलं नाही. म्हणून सीटी, एमआरआय आणि पेट यांची चित्रं एकमेकांवर ठेवून वाचावी लागतात. या जोडचित्रांमागचा इतिहास, भौतिकशास्त्र आणि माणसांची हुशारी थक्क करणारी आहे. चला, एकेक पाहू.

१. आधी सुचलं, मग दिसलं

१८८९ साली लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर पसरताना वाट्टेल तिथे जात नाही, ठरावीक अवयवांतच रुजतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. बी कुठेही पडलं तरी मानवेल त्याच मातीत उगवतं, असा सिद्धांत त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडला. रोन्टगेन यांना क्ष-किरण सापडायला तेव्हा अजून सहा वर्षं होती! आतलं काहीही न बघता मांडलेला हा विचार आजही कॅन्सरच्या अभ्यासकांना वाट दाखवतो.

२. गाठींचे ठरलेले पत्ते

सुमारे ८० टक्के सेकंडरीज मोठ्या मेंदूत, १५ टक्के लहान मेंदूत आणि ५ टक्के मस्तिष्कस्तंभात सापडतात. रक्ताचा पुरवठाही साधारण याच प्रमाणात वाटलेला असतो. मेंदूचा करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात, तिथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात. वाहत आलेल्या पेशी नेमक्या तिथेच अडकतात. त्यामुळे एमआरआय उघडला की रेडिओलॉजिस्टची नजर आधी या सीमारेषेवरून फिरते.

३. मेंदूचं साखरेचं वेड

पेट स्कॅनमध्ये रुग्णाला एफडीजी हे किरणोत्सर्गी साखरेसारखं द्रव्य देतात. गाठी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच दाखवलं होतं. त्यामुळे यकृतात किंवा हाडात बसलेली गाठ पेटवर झळकते.

मेंदूत मात्र पंचाईत होते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के, पण ग्लुकोज तो जवळपास २० टक्के खातो. म्हणजे निरोगी मेंदूच पडद्यावर लखलखत असतो. त्यात बारीकशी सेकंडरी शोधणं म्हणजे दिवाळीच्या रोषणाईत एक पणती हुडकणं. म्हणूनच मेंदूसाठी एफडीजी पेट एकटा पुरत नाही.

४. 'पेट क्लीन आहे' याचा अर्थ नीट समजून घ्या

कॅन्सरसाठी नेहमीचा पेट-सीटी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंत काढतात. मेंदूचा बराचसा भाग बऱ्याचदा त्या टप्प्यात येतच नाही. आला, तरी वर सांगितलेली अडचण असतेच. त्यामुळे 'संपूर्ण शरीराचा पेट स्वच्छ' हा दिलासा मानेच्या खालच्या भागाबद्दल खरा असतो. मेंदूबद्दल शंका असेल तर कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय वेगळा लागतो. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तर काहीच त्रास होत नसतानाही अनेकदा तो सुचवला जातो. डॉक्टरांनी पेटनंतर पुन्हा एमआरआय लिहून दिला तर तो खर्च फुकटचा नाही. ही तपासणी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर शोधत असते.

५. विमानाने आलेली साखर

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तात्सुओ इडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिन-१८ जोडलेलं एफडीजी बनवलं. ऑगस्ट १९७६ मध्ये ते छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला नेलं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी दोन निरोगी स्वयंसेवकांना टोचलं. एवढी धावपळ कशासाठी? फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल फक्त ११० मिनिटं. म्हणजे दर पावणेदोन-दोन तासांनी माल निम्मा!

गंमत पुढेच आहे. हे द्रव्य बनवलंच होतं निरोगी मेंदू ग्लुकोज कसं वापरतो ते पाहायला. कॅन्सरसाठी त्याचा वापर नंतर फोफावला. ज्या गुणासाठी ते जन्माला आलं, तोच गुण आज सेकंडरीज शोधताना आडवा येतो.

६. दवाखान्यात प्रतिद्रव्य!

पेटमधला 'पी' म्हणजे पॉझिट्रॉन, इलेक्ट्रॉनचा उलट भाऊ. कार्ल अँडरसन यांनी १९३२ साली तो शोधला आणि १९३६ साली नोबेल मिळवलं. फ्लोरिन-१८ मधून सुटलेला पॉझिट्रॉन शरीरात मिलिमीटरभरही न जाता बहुधा एखाद्या इलेक्ट्रॉनला भिडतो. दोघंही नाहीसे होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन फोटॉन अगदी विरुद्ध दिशांना सुटतात. भोवतीचं डिटेक्टरांचं कडं त्यांना एकाच क्षणी पकडतं आणि त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ संगणक आखतो. अशा लाखो रेघांमधून चित्र उभं राहतं. मात्र दवाखान्यातल्या पेटची नजर साधारण ४-५ मिलिमीटरपर्यंतच तीक्ष्ण असते. त्याहून लहान गाठ धूसर होते. तिथे मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा एमआरआय कामाला येतो.

७. परळचा सायक्लोट्रॉन

इतकं अल्पायुषी द्रव्य परदेशातून मागवणं शक्यच नाही, ते जवळच बनवावं लागतं. असं द्रव्य बनवणारं यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. देशात पेट तपासणीची मुहूर्तमेढ तिथेच रोवली गेली. फ्लोरिन-१८ निदान शहरातल्या शहरात किंवा शेजारच्या शहरात पाठवता येतं. कार्बन-११ चा अर्धायुकाल मात्र २० मिनिटं. ते वापरायचं तर सायक्लोट्रॉन त्याच आवारात हवा.

८. त्या एका तासात बोलायचंही नाही

पेटसाठी चार ते सहा तास उपाशी राहायचं, रक्तातली साखर तपासायची, मग टंगस्टन किंवा शिशाच्या जाड वेष्टणातली सिरिंज येते. इंजेक्शन दिल्यावर मंद उजेडाच्या खोलीत तासभर पडून राहायचं. 'बोलू नका, च्युइंग गम खाऊ नका, मोबाइल बाजूला ठेवा,' असं सिस्टर बजावतात ते उगाच नाही. त्या तासात जो स्नायू काम करेल तो ग्लुकोज ओढेल. बडबड केली तर स्वरयंत्र उजळतं, काही चघळलं तर जबडा. थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी पेटते. म्हणून अंगावर पांघरूण देतात. साखर खूप वाढलेली असेल तर स्कॅन पुढे ढकलतात, कारण रक्तातलं ग्लुकोज आणि एफडीजी एकाच दाराने पेशीत शिरतात.

९. सीटीची सुरुवातच डोक्यापासून

१ ऑक्टोबर १९७१. लंडनच्या विम्बल्डन भागातलं अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटल. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय असलेली एक स्त्री जगातल्या पहिल्या सीटी स्कॅनरमध्ये झोपली. यंत्र गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं, सोबत रेडिओलॉजिस्ट जेम्स अ‍ॅम्ब्रोज. गाठ दिसली! त्याआधी मेंदूचा अंदाज घ्यायला पाठीच्या कण्यातून हवा भरून क्ष-किरण चित्र काढत. वॉल्टर डँडी यांनी १९१९ साली आणलेल्या त्या तपासणीत रुग्णाचं डोकं भयंकर ठणकायचं. सीटीने त्या यातना संपवल्या.

हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत होते, तीच बीटल्सच्या रेकॉर्डही काढायची. त्या पैशातूनच सीटी जन्मला ही गोष्ट जगभर सांगितली जाते. जमाखर्च तपासणाऱ्या अभ्यासकांना मात्र ब्रिटिश आरोग्य खात्याचा वाटा ईएमआयपेक्षा मोठा आढळला. म्हणजे श्रेय जनतेच्या करालाही आहे.

१०. गळतीच गाठ दाखवते

१८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर तेव्हा पहिल्यांदा नजरेस पडला. एमआरआयचा कॉन्ट्रास्ट याच अडसरावर काम करतो.

तो गॅडोलिनियम या धातूपासून बनतो. या धातूच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यामुळे तो चुंबकीय क्षेत्रात आसपासच्या पाण्याचा संकेत बदलतो. नुसता तो विषारी असतो. म्हणून रसायनाच्या पकडीत बांधून देतात. निरोगी मेंदू त्याला आत घेत नाही. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात. तिथून तो झिरपतो आणि दोन-तीन मिलिमीटरची सेकंडरीसुद्धा पांढरीशुभ्र उमटते.

याच कारणाने स्टेरॉइडची तारीख महत्त्वाची ठरते. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गळती आणि सूज कमी करतं. गाठ तितकीच असली तरी चित्रात फिकी दिसू शकते. गोळ्या कधी सुरू झाल्या, डोस कधी बदलला, हे स्कॅनच्या वेळी आवर्जून सांगा.

११. कॉन्ट्रास्टशिवाय चमकणारी गाठ

मेलॅनोमाच्या काही सेकंडरीज कॉन्ट्रास्ट देण्याआधीच एमआरआयच्या टी-१ नावाच्या चित्रप्रकारात उजळ दिसतात. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन स्वतःच चुंबकाला प्रतिसाद देतं. शिवाय या गाठींत रक्तस्राव वारंवार होतो आणि त्यानेही उजळपणा येतो. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या सेकंडरीजही रक्तस्रावासाठी कुप्रसिद्ध आहेत. एखाद्या गाठीचं मूळ ठिकाण माहीत नसेल तेव्हा असा एक ठिपका तपासाला दिशा देतो.

१२. ५४ पैकी सहा जणांना सेकंडरी नव्हतीच!

अमेरिकेत रॉय पॅचेल यांच्या १९९० च्या गाजलेल्या अभ्यासात 'मेंदूत एकच सेकंडरी' असं स्कॅनवरून मानलेले ५४ रुग्ण होते. गाठीचा तुकडा तपासला तेव्हा सहा जणांत काही वेगळंच निघालं: कुणाला दुसरीच गाठ, कुणाला जंतुसंसर्ग किंवा सूज.

भारतात हा धडा आणखी मोलाचा. आपल्याकडे क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारा सिस्टिसर्कोसिस, दोन्हीही एमआरआयवर अंगठीसारखी कडी दाखवतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात फिट येणाऱ्या रुग्णांसाठी निकष मांडले: कृमीची कडी सहसा २० मिलिमीटरच्या आत, क्षयाची बऱ्याचदा त्याहून मोठी. क्षयाची गाठ एफडीजीसुद्धा ओढते, म्हणजे पेटवरही ती कॅन्सरचं सोंग आणते. अशा वेळी एमआर स्पेक्ट्रोस्कोपी गाठीतली रसायनं मोजते. क्षयात चरबीचा सुळका उंच दिसतो. तरीही खात्री नसेल तर बायोप्सी.

१३. टेलिफोनचं गणित मेंदूच्या कामी

एका दिवशीचा सीटी, दुसऱ्या दिवशीचा एमआरआय, तिसरीकडचा पेट. डोकं प्रत्येक वेळी जरा वेगळं कललेलं. ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसवायची कशी? एकात हाड पांढरं, दुसऱ्यात काळं. नुसते रंग जुळवून भागत नाही.

उत्तर क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहिती-सिद्धांतात दडलेलं होतं. टेलिफोनच्या तारांतून संदेश कसे नीट जातील या प्रश्नातून तो सिद्धांत उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतली एमआयटी आणि बेल्जियममधलं लूव्हन विद्यापीठ इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे तो चित्रांना लावला. एक चित्र पाहून दुसऱ्याबद्दल जास्तीत जास्त सांगता येईल अशी जागा संगणकाने शोधायची, बस!

आज ट्यूमर बोर्डाच्या, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित, बैठकीत हे पडद्यावर पाहायला मिळतं. खाली राखाडी एमआरआय, वर केशरी पेट. डॉक्टर माऊसने पट्टी सरकवतात, केशरी थर गडद-फिका होतो. क्रॉसची खूण एका चित्रात गाठीवर ठेवली, की उरलेल्या चित्रांतही त्याच बिंदूवर येते. मग ते नजर नेतात डोळ्यांच्या खोबणीवर आणि मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडांवर. तिथे दोन्ही चित्रं जुळली नाहीत तर जोडणी पुन्हा करायची. दोन मिलिमीटरची चूकही इथे खपत नाही.

१४. दोन यंत्रं एका बोगद्यात

डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी पेट आणि सीटी एकाच यंत्रात बसवले. नमुना-यंत्र १९९८ साली पिट्सबर्गमध्ये रुग्णांसाठी वापरात आलं आणि २००० साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याला वर्षाचा वैद्यकीय शोध ठरवलं.

पेट आणि एमआरआयचं लग्न जुळायला आणखी दहा वर्षं लागली. पेटमधल्या प्रकाश टिपणाऱ्या जुन्या नळ्या बलवान चुंबकाजवळ निकामी व्हायच्या. चुंबकाला न जुमानणारे सेमीकंडक्टर डिटेक्टर आले, तेव्हा २०१० मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात दोन्ही चित्रं एकाच वेळी काढणारं संपूर्ण शरीराचं यंत्र बसलं. आणखी एक कोडं होतं. कवटी फोटॉन अडवते, तो हिशेब केला नाही तर पेटचे आकडे चुकतात. सीटीला हाड लख्ख दिसतं, नेहमीच्या एमआरआयमध्ये ते हवेसारखंच काळं. त्यासाठी हाडाचा क्षणात विरणारा संकेत टिपणारे अतिजलद एमआरआय प्रकार वापरावे लागले.

१५. गाठ परतली की जखमेचा व्रण?

जोडचित्रांची खरी कसोटी इथे लागते. रेडिओसर्जरीत गाठीवर किरणांचा मोठा डोस देतात. त्यानंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्याच जागी एमआरआयवर पुन्हा उजळ डाग फुगतो. तो परतलेला कॅन्सर असू शकतो. किरणांनी मेलेलं ऊतक, म्हणजे रेडिएशन नेक्रोसिसही असू शकतो. अडसर दोन्हीत तुटलेला असतो, कॉन्ट्रास्ट दोन्हीत झिरपतो. चित्र जवळपास सारखं, उपचार अगदी वेगळे. पहिल्यात पुन्हा कॅन्सरवर हल्ला, दुसऱ्यात स्टेरॉइड, बेव्हासिझुमॅब हे औषध किंवा नुसती देखरेख.

इथे अमिनो आम्लांचा पेट मदतीला येतो. निरोगी मेंदू अमिनो आम्लं फार ओढत नाही, वाढणारी गाठ ओढते. कार्बन-११ चं मेथिओनिन, फ्लोरिन-१८ जोडलेली एफईटी आणि एफडोपा ही त्यातली मुख्य नावं. एफडीजीत सगळा मेंदू झगमगतो, यात पार्श्वभूमी शांत राहते आणि जिवंत गाठ उठून दिसते. सोबत परफ्युजन एमआरआयने रक्ताचं प्रमाण पाहतात: गाठीत सहसा जास्त, नेक्रोसिसमध्ये कमी. मेंदूच्या गाठींसाठी निकष ठरवणाऱ्या रॅनो या आंतरराष्ट्रीय गटाच्या पेट शाखेने २०१९ साली सेकंडरीजमध्ये पेट कधी आणि कसा वापरावा याच्या शिफारशी दिल्या. त्यात अमिनो आम्लांच्या पेटला मानाचं स्थान आहे. एका नको असलेल्या शस्त्रक्रियेतून माणूस वाचतो, तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं सार्थक होतं.

१६. आधी नकाशा, मग नेम

एकाच जागी अचूक किरण एकवटायची कल्पना स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडली. आजच्या गॅमा नाइफ यंत्रात कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत एका बिंदूवर रोखलेले असतात. गाठीची कड एमआरआय दाखवतो. आखणीसाठी त्याला बऱ्याचदा सीटीची जोड देतात, कारण भौमितिक अचूकता आणि ऊतकाची घनता सीटी भरवशाने सांगतो. जपानमधल्या २३ केंद्रांतल्या ११९४ रुग्णांच्या अभ्यासाने २०१४ साली दाखवलं, की पाच ते दहा गाठी असलेले रुग्ण रेडिओसर्जरीनंतर दोन ते चार गाठीवाल्यांइतकेच जगले. म्हणून एमआरआयवर एकेक गाठ मोजणं इतकं मोलाचं.

संपूर्ण मेंदूला किरण द्यावेच लागले, तरी स्मरणशक्तीचा हिप्पोकॅम्पस वाचवता येतो. एमआरआयवर त्याची सीमा आखतात, ती सीटीवर उतरवतात आणि किरण त्याला वळसा घालतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा रुग्णांची विचारशक्ती आणि स्मृती अधिक चांगली टिकली. आयुष्य वाढवतानाच माणसाची ओळख-पाळख, नावं, आठवणी राखणं यालाही आता उपचारात जागा मिळाली आहे.

जाता जाता, कामाच्या चार गोष्टी

• फिल्म आणि कागदी रिपोर्टवर थांबू नका, प्रत्येक स्कॅनची सीडी मागून घ्या. चित्रांची जोडणी मूळ डिजिटल फाइलवरच होते.

• जुने स्कॅन टाकून देऊ नका. डाग वाढला की जैसे थे आहे, हे तुलनेतूनच कळतं.

• पेसमेकर, शरीरातलं धातूचं काही, मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेह, गरोदरपण यांची माहिती तपासणीआधीच द्या.

• किरणोपचार कुठे, कधी आणि किती दिले याचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. रिपोर्ट लिहिणाऱ्याला तो दिसला नाही तर नेक्रोसिसचा विचार मागे पडू शकतो.

आणि रिपोर्टच्या शेवटी 'इतर तपासण्यांशी ताडून पाहावं' असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, चिडूही नका. रेडिओलॉजिस्टने आपली जबाबदारी पाळली आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: "हे चित्र तुम्ही कोणत्या चित्राशेजारी ठेवून वाचलंत?" उपचाराची दिशा बऱ्याचदा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.